रामाच्या हातातली सिगारेट

अरुण गोविल यांनी मुलाखतींतून सांगितलेला एक किस्सा आहे. 'रामायण' मालिका घराघरांत पोचल्यानंतरची गोष्ट. दक्षिणेतल्या एका चित्रपटात ते तिरुपती बालाजीची भूमिका करत होते. सिगारेटची सवय जुनी होती. जेवणाच्या सुट्टीत जरा आडोसा धरून झुरके घेत बसले असताना एक माणूस समोर आला, त्यांच्याकडे टक लावून पाहत राहिला आणि एकदम त्याच्या भाषेत तावातावाने बोलायला लागला. गोविलांना शब्द कळेनात, पण ही स्तुती नव्हे एवढं कळलं. मग कुणीतरी अर्थ सांगितला: आम्ही तुम्हाला देव मानतो आणि तुम्ही इथे बसून सिगारेट ओढताय? त्यानंतर आपण सिगारेट सोडली, असं गोविल सांगतात.

हा किस्सा ऐकणारे बहुतेकजण हसतात आणि 'काय भोळी माणसं!' म्हणून मोकळे होतात. मला तो माणूस अजिबात भोळा वाटत नाही. समोर खरंच राम बसलाय असं वाटलं असतं, तर तो पायावर डोकं ठेवून निघून गेला असता. देवाला कुणी दम भरत नाही. त्याने झापलं ते नटाला, आणि रामाच्या वतीने झापलं. प्रेक्षकाचा हा हक्क कुठून आला, तो किती जुना आहे, हे पाहायला लागलं की माणूस मागे मागेच जात राहतो.

पहिला मुक्काम अर्थातच १९८७. २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८, दर रविवारी सकाळी साडेनऊला, ७८ भाग. टीव्हीला हार घालणं, समोर उदबत्ती लावणं, रस्ते ओस पडणं याबद्दल इतकं लिहून झालंय की नव्याने सांगण्यासारखं काही उरलेलं नाही. इंग्रजी वृत्तपत्रांतल्या समीक्षकांनी मालिकेला रटाळ आणि भडक ठरवलं. त्यांचं अगदीच चुकलं नव्हतं. देव दिसला की कॅमेरा चेहऱ्यावर जाऊन थांबायचा, मग पाहणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर फिरायचा, पुन्हा देवाकडे यायचा. गोविलांना त्या वेळात करायला विशेष काही नसायचं. ओठांच्या कोपऱ्यात बेताचं हसू धरून ठेवायचं, बस. पण गाभाऱ्यासमोर उभं असताना 'चला, आटपा' असं फक्त रांग सांभाळणारा म्हणतो. प्रेक्षकांना तो संथपणा हवाच होता.

मराठी प्रेक्षकाची तर इथे गंमतच झाली होती. कौसल्या होती जयश्री गडकर. 'सांगत्ये ऐका'मधली तिची लावणी ज्यांनी पाहिली होती, तेच रामाच्या वनवासाच्या वेळी तिच्याबरोबर डोळे पुसत होते. दशरथ बाळ धुरी, म्हणजे तिचा खऱ्या आयुष्यातला नवरा. भरत संजय जोग. आणि मंथरा? ललिता पवार. ही बाई पडद्यावर आली की काहीतरी वाईट होणार हे चार दशकांच्या सिनेमाने पढवून ठेवलेलं होतं. वाल्मीकींना वेगळं सांगावं लागलं नाही. म्हणजे कोण कोण आहे हे सगळं ठाऊक असून हात जोडले जात होते.

आणि हे हात नुसते जोडलेले राहिले नाहीत. रामाच्या राज्याभिषेकाशी मालिका संपणार असं ठरलं, तेव्हा १९८८च्या उन्हाळ्यात पंजाबात, जालंधरसारख्या शहरांतून, सफाई कामगारांनी संप पुकारला. वाल्मीकींना आपला पूर्वज मानणारा हा समाज. वाल्मीकींचा आश्रम आणि लवकुश ज्या भागात येतात तो उत्तरकांडाचा भाग दाखवलाच पाहिजे, ही त्यांची मागणी. कचऱ्याचे ढीग वाढले, संप इतर शहरांत पसरला आणि सरकार नमलं. त्यातूनच पुढची मालिका झाली. कथेचा शेवट बदलून घेण्यासाठी प्रेक्षकांनी शहरं बंद पाडल्याचं असं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

हेच हात पुढे मतपेटीपर्यंतही गेले. १९९१च्या लोकसभा निवडणुकीत बडोद्यातून दीपिका चिखलिया निवडून आल्या, तर साबरकांठ्यातून अरविंद त्रिवेदी. म्हणजे सीताही खासदार आणि रावणही, आणि दोघंही एकाच पक्षाचे. 'महाभारता'तला कृष्ण, आपला नितीश भारद्वाज, पेशाने पशुवैद्य. तो १९९६ साली जमशेदपूरहून गेला. खुद्द गोविलांना मात्र २०२४पर्यंत थांबावं लागलं. मतदार भोळे असते तर रावणाला मत कशाला देते?

नमस्कार मिळतो तसा तो नाकारलाही जातो. जून २०२३मध्ये आलेल्या 'आदिपुरुष'च्या निर्मात्यांनी प्रत्येक चित्रपटगृहात एक खुर्ची हनुमानासाठी रिकामी ठेवली. भक्तीची सोय निर्मात्याने आधीच करून ठेवल्याचा हा बहुधा पहिलाच प्रकार असावा. प्रेक्षकाने खुर्चीकडे पाहिलं नाही. त्याने कान दिला तो हनुमानाच्या तोंडच्या गल्लीतल्या भाषेकडे. आरडाओरडा इतका झाला की चित्रपट चालू असताना संवाद बदलावे लागले. लोक तुलना करत होते ती छत्तीस वर्षांपूर्वीच्या गोविलांशी आणि दारा सिंगशी.

तेलुगू पडद्यावर हे आधी घडून गेलेलं होतं. एन. टी. रामाराव म्हटलं की डोळ्यांपुढे कृष्ण येतो, पण १९५६च्या 'सोंत ऊरु' चित्रपटात ते थोड्या वेळासाठी कृष्ण होऊन आले, तर लोकांना ते रुचलं नाही. त्यामुळे पुढच्याच वर्षी 'मायाबाजार'साठी विचारणा झाली तेव्हा त्यांनी आढेवेढे घेतले. के. व्ही. रेड्डींनी हट्ट धरला, पोशाखावर, मुकुटावर, उभं राहण्याच्या ढबीवर मेहनत घेतली आणि मग जो कृष्ण उभा राहिला त्याला आंध्राने मान्यता दिली. तिरुपतीचं दर्शन घेऊन यात्रेकरू मद्रासला त्यांच्या घरापाशी जायचे. याच माणसाने 'भूकैलास'मध्ये रावणही केला आणि 'लवकुश'मध्ये रामही. लोकांनी दोन्ही डोक्यावर घेतले.

आता मराठीत येऊ. इथे कुणीही पहिलं नाव 'संत तुकाराम'मधल्या विष्णुपंत पागनिसांचं घेईल. सगळेच घेतात, म्हणून मी ते बाजूला ठेवतो. त्यापेक्षा शोभना समर्थ पाहा. १९४३च्या 'रामराज्य'मध्ये त्या सीता होत्या आणि प्रेम अदीब राम. या जोडीची चित्रं कॅलेंडरांवर छापली गेली आणि देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवर लागली. महात्मा गांधींनी १९४४ साली जुहूला पाहिला तो हाच चित्रपट. समर्थ या मुंबईतल्या शिकलेल्या, आधुनिक राहणीच्या बाई. सीतेची चौकट त्यांना पुढे कधी पुरती मोडता आली नाही.

त्यानंतरचा टप्पा पडद्याचा नाही, तरी वगळता येत नाही. १९५५-५६मध्ये पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झालं. गदिमांची छप्पन गाणी, सुधीर फडक्यांचं संगीत, आठवड्याला एक नवं गाणं. इथे ना चेहरा, ना मुकुट, ना धनुष्य. तरी लोक रेडिओला हार घालत, फुलं वाहत. फडके रामाचं गात आणि माणिक वर्मा सीतेचं. टीव्हीपुढे उदबत्ती लावणाऱ्या हातांना सवय कुठे लागली होती, ते इथे कळतं. चेहऱ्याचीही गरज नव्हती. समोरून येणारा आवाज त्या पात्राच्या योग्यतेचा असला की पुरे होतं.

आणखी मागे गेलं की दादासाहेब फाळके. १९१७चा 'लंकादहन'. रामाचं काम केलं अण्णा साळुंके यांनी आणि सीतेचंही साळुंक्यांनीच. हा गडी ग्रँट रोडच्या एका खानावळीत कामाला होता. फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळेना, तेव्हा त्याच्या नाजूक बोटांवर त्यांची नजर गेली आणि महिना दहा रुपयांचा माणूस पंधरा रुपयांवर 'राजा हरिश्चंद्र'मध्ये आला. चार वर्षांनी तो अंगाने भरला होता. अशोकवनातल्या सीतेचे दंड पिळदार दिसत, असं म्हणतात. तरीही पडद्यावर राम आला की लोक पायातल्या वहाणा काढत. पुण्याच्या आर्यन थिएटरात दार मोडायची वेळ आली आणि मद्रासला जमलेली नाणी पोत्यांत भरून, बैलगाडीवर घालून, पोलिसांच्या पहाऱ्यात न्यावी लागली. एकच माणूस राम आणि सीता दोन्ही झालाय हे पुढच्या रांगेतल्या पोरालाही दिसत असणार.

फाळक्यांना तरी ते लपवायचं कुठे होतं? 'कालियामर्दन' (१९१९) सुरू होतो तोच त्यांच्या मुलीच्या, मंदाकिनीच्या चेहऱ्याने. ती आपल्याकडे बघून वेगवेगळे भाव करून दाखवते, आणि मग पाहता पाहता तोच चेहरा कृष्णाचा होतो. हा चित्रपट आजही पाहायला मिळतो. फाळके जणू सांगताहेत: ही माझी मुलगी, हिचं काम आधी नीट बघा, कृष्ण त्यानंतर. मला हा सगळ्या प्रवासातला सर्वांत प्रामाणिक क्षण वाटतो.

सिनेमाआधी रंगभूमी. विष्णुदास भावे यांनी सांगलीत १८४३ साली 'सीतास्वयंवर' केलं ते संस्थानिक पटवर्धनांच्या आश्रयाने आणि कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ पाहून. आधी गणपती यायचा, मग मोरावरची सरस्वती, सूत्रधार नमस्कार करायचा. मग राक्षस यायचे ते राळेचा भपका उडवत, हातात तलवारी घेऊन, किंचाळत. त्या आरोळ्यांवरूनच या खेळांना 'अललडुर्र' नाटकं असं चिडवायचं नाव पडलं. १८५३मध्ये ही मंडळी मुंबईत ग्रँट रोडच्या नाटकगृहात पोचली आणि तिकीट लागलं. तेव्हापासून गणपतीला हात जोडणारा आणि पैसे वसूल झाले की नाही याचा हिशेब करणारा, हे दोघं एकाच खुर्चीत बसायला लागले. दशावतारात ते त्याआधीपासून होते: पेटाऱ्याला नमस्कार करायचा आणि संकासुराच्या मालवणी टोमण्यांना खदाखदा हसायचं.

उत्तरेत, काशीजवळच्या रामनगरच्या रामलीलेत, हे सगळं अधिक शिस्तीत बसवलेलं आहे. राम-सीता होतात ती कोवळ्या आवाजाची मुलं. डोक्यावर मुकुट चढला की ती देव. काशीनरेशापासून सगळे मान देतात, रात्री आरती होते. मुकुट उतरला की पुन्हा कुणाच्या तरी घरची पोरं. गोविलांची अडचण हीच झाली. चित्रीकरण संपल्यावर त्यांनी मुकुट काढला, पण पाहणाऱ्यांच्या लेखी तो डोक्यावरच होता.

भरताचं नाट्यशास्त्र तर सुरूच प्रेक्षकांच्या दंग्यापासून होतं. इंद्राच्या उत्सवात पहिला प्रयोग लागला, विषय होता देवांनी दैत्यांचा केलेला पराभव. दैत्य प्रेक्षकांत होते. आपलं असं चित्रण त्यांना कसं रुचावं? त्यांनी विघ्नांना हाताशी धरून नटांची वाचा, हालचाल आणि स्मरण बांधून टाकलं. इंद्राने ध्वजदंडाने त्यांना झोडपलं, विश्वकर्म्याने बंदिस्त नाट्यगृह बांधलं, आणि मग ब्रह्मदेवाने दैत्यांची समजूत काढली की बाबांनो, नाट्य एकट्या तुमच्याबद्दल नसतं आणि एकट्या देवांबद्दलही नसतं, त्यात तिन्ही लोक येतात. जालंधरच्या संपकऱ्यांचे आणि 'आदिपुरुष'वर भडकलेल्यांचे हे पूर्वज.

आणि नटाला खरं मानून बसणाऱ्या प्रेक्षकाचा पूर्वज शोधायचा तर विदर्भात जावं लागतं. आठव्या शतकातला भवभूती पद्मपूरचा; गोंदिया जिल्ह्यात आमगावजवळचं पदमपूर ते हेच, असं वा. वि. मिराशींचं मत. त्याच्या 'उत्तररामचरिता'च्या सातव्या अंकात गंगेच्या काठी नाटक लागतं. लेखक वाल्मीकी, काम करणार अप्सरा, आसनांची व्यवस्था लक्ष्मणाकडे. विषय आहे टाकून दिलेल्या सीतेचं पुढे काय झालं हा. प्रेक्षकांत अयोध्येची प्रजा आहे, देव आहेत आणि राम आहे. रंगमंचावरची सीता जीव द्यायला निघते तसा राम जागेवरून उठतो, तिला थांबवायला लागतो. लक्ष्मण त्याला सांगतो, आर्य, हे नाटक आहे. रामाला ते कळतं, तरी त्याचं मन ऐकत नाही, आणि शेवटी तो मूर्च्छा येऊन पडतो. तेव्हा अरुंधती खऱ्या सीतेला घेऊन येते, आणि सीतेच्या हाताच्या स्पर्शाने राम शुद्धीवर येतो. मग अरुंधती वळते ती नगरजनांकडे, ज्यांच्या कुजबुजीपायी हे सगळं घडलं त्यांच्याकडे, आणि हिला परत घ्यायचं की नाही, तुमचं काय म्हणणं आहे, असं विचारते. नाटक नुकतंच पाहून उठलेली ती माणसं सीतेला हात जोडतात.