डॅन्यूबकाठची स्वस्त रात्र

शहरांचे इतिहास हे बहुधा दिवसाचे इतिहास असतात. सनदा, तह, निवडणुका, विद्यापीठांची स्थापना या घटना दिवसाउजेडी घडतात आणि दप्तरात नोंदल्या जातात. रात्रीची नोंद फार तर पोलिसांच्या रोजनाम्यात सापडते. त्यामुळे एखाद्या शहराची ख्याती रात्रीवरच उभी असेल, तर इतिहासकार तिच्याकडे काहीशा तुच्छतेने पाहतो आणि प्रवासाची पुस्तके लिहिणारा तिचा भाव सांगून मोकळा होतो. सर्बियातील नोव्ही साद हे असे एक शहर. नदीकाठचे, विद्यार्थ्यांनी गजबजलेले, खिशाला परवडणारे आणि जुलैतील चार रात्री संगीताने जागवणारे शहर, अशी त्याची ओळख युरोपभरच्या तरुणांत पंचवीस वर्षे होती. ही ओळख खोटी नव्हे. परंतु ही रात्र स्वस्त कशामुळे झाली आणि तिची किंमत कोणी मोजली, हे त्या ओळखीतून कळत नाही. प्रस्तुत लेखात त्याचाच मागोवा घ्यायचा आहे.

आपल्याकडील एका पिढीला युगोस्लाव्हिया हा देश नेहरू-टिटो-नासर यांच्या छायाचित्रांतून परिचित होता. बेलग्रेड हे नावही अलिप्त राष्ट्रांच्या १९६१च्या परिषदेमुळे कानांवर होते. बेलग्रेडच्या वायव्येस, डॅन्यूबच्याच काठाने वर गेले की नोव्ही साद लागते. नदीच्या उजव्या तीरावर पेट्रोवारादिनचा अवाढव्य किल्ला आहे. तुर्कांना रोखण्यासाठी ऑस्ट्रियाने त्याचे बांधकाम १६९२ मध्ये आरंभले आणि ते १७८० पर्यंत चालले. किल्ल्याच्या वस्तीत ऑर्थोडॉक्स पंथीयांना राहण्यास मज्जाव होता. म्हणून सर्ब व्यापारी आणि कारागीर समोरच्या तीरावर वसले. १ फेब्रुवारी १७४८ रोजी मारिया थेरेसा हिने या वस्तीला स्वतंत्र शहराची सनद दिली. नावाचा अर्थ साधा आहे : नवी लागवड, नवा मळा.

किल्ल्यावरील घड्याळ प्रसिद्ध आहे. त्याचा मोठा काटा तास दाखवतो आणि लहान काटा मिनिटे. नदीतल्या नावाड्यांना दुरूनही तास कळावा, हा त्यामागील हेतू. पण याच किल्ल्यावरून १२ जून १८४९ रोजी तोफा डागल्या गेल्या. हंगेरीच्या क्रांतियुद्धात किल्ला हंगेरियन सैन्याच्या हाती होता आणि त्या भडिमारात समोरच्या शहरातील दोन तृतीयांशांहून अधिक घरे जमीनदोस्त झाली. आज किल्ल्यावरून दिसणारे देखणे शहर बव्हंशी त्यानंतर उभे राहिलेले आहे.

या पुनर्बांधणीतूनच ‘सर्बियन अथेन्स’ हे बिरुद आले. १८६१ मध्ये येथे सर्बियन राष्ट्रीय रंगभूमीची स्थापना झाली. १८२६ मध्ये पेस्ट येथे स्थापन झालेली ‘मातित्सा सर्पस्का’ ही साहित्यसंस्था १८६४ मध्ये येथे हलवण्यात आली. परकीय साम्राज्यात राहणाऱ्या समाजाने भाषा, नाटक आणि ग्रंथ यांच्या आधारे आपले अस्तित्व जपावे, हा अनुभव मराठी वाचकाला अपरिचित नाही. नाटकाचा प्रयोग संपल्यावर मंडळी कुठे बसत, काय बोलत, याची नोंद संस्थांच्या अहवालांत नसते. तरीही समाजाची वैचारिक जडणघडण अशा बैठकींत होत असते, हे मान्य करावयास हरकत नसावी.

या शहराच्या रात्रीचा जुना नाद तंबुरित्साचा. आपल्या तंबोऱ्याशी या तंतुवाद्याचे नावापुरते नाते दिसते. वाजवण्याची रीत मात्र अगदी वेगळी. डॅन्यूबकाठच्या खानावळींत माशाच्या तिखट रश्श्याबरोबर तंबुरित्सावाल्यांचा ताफा असायचाच. या परंपरेतला सर्वांत मोठा वादक यानिका बालाझ (१९२५-१९८८) हा रोमा, म्हणजे ज्यांना तिकडे जिप्सी म्हणून हिणवले जाई, त्या समाजातला. त्याचा ताफा किल्ल्यावरील उपाहारगृहात वाजवत असे. दिवसा ज्या समाजाला गावात मान नव्हता, त्याच समाजाचा कलावंत रात्री शहराचा आवाज झाला. आज नदीच्या अलीकडच्या तीरावर, किल्ल्यासमोर त्याचा पुतळा उभा आहे.

१९५४ मध्ये ‘त्रिबिना म्लादिह’ हे तरुणांचे व्यासपीठ सुरू झाले आणि १९६० मध्ये विद्यापीठ स्थापन झाले. विद्यापीठाचा परिसर नदीला लागून आहे. तेथून काही पावलांवर ‘श्ट्रांड’ नावाची वाळूची चौपाटी लागते. उन्हाळ्यात विद्यार्थी येथे पोहतात, रात्री गाणी होतात. परंतु याच ठिकाणी जानेवारी १९४२ मध्ये हंगेरियन सैन्याने आणि पोलिसांनी ज्यू व सर्ब नागरिकांना रांगेत उभे करून ठार मारले आणि गोठलेल्या नदीचा बर्फ फोडून प्रेते आत लोटली. शहरात त्या तीन दिवसांत हजाराहून अधिक माणसे मारली गेली. कादंबरीकार दानिलो किश तेव्हा लहान मुलगा होता आणि याच शहरात राहत होता. त्या धरपकडीत सापडलेले त्याचे वडील त्या वेळी वाचले; पुढे ऑशविट्झहून मात्र परतले नाहीत.

आता ‘स्वस्त’ या विशेषणाकडे वळू. मे १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने युगोस्लाव्हियावर आर्थिक निर्बंध लादले. देश फुटला होता, शेजारी युद्ध पेटले होते, आणि बेलग्रेडचे सरकार नोटा छापून दिवस ढकलत होते. जानेवारी १९९४ मध्ये एका महिन्याची चलनवाढ ३१ कोटी टक्क्यांवर पोहोचली. त्या काळातील सर्वांत मोठी नोट ५०,००० कोटी दिनारांची होती. तिच्यावर चित्र होते ते योवान योवानोविच झ्माय या कवीचे. झ्माय १८३३ मध्ये नोव्ही सादमध्ये जन्मला, व्यवसायाने वैद्य होता आणि मुलांच्या कवितांसाठी घरोघरी प्रिय होता. शहरातील मुख्य पादचारी रस्त्याला त्याचेच नाव आहे. आज पर्यटक ज्या रस्त्यावर बसून स्वस्त कॉफीचे कौतुक करतात तो हाच रस्ता. ज्या पिढीची आयुष्यभराची पुंजी काही महिन्यांत कागदमोल झाली, तिच्या हलाखीतून पुढे पगार आणि भाव दोन्ही खालच्या पातळीवर राहिले. पाहुण्याला जी स्वस्ताई दिसते ती यजमानाची मिळकत असते, ही गोष्ट एरवी आपल्या ध्यानात येत नाही.

त्या दशकात संगीतही तटस्थ राहिले नव्हते. लोकगीतांच्या चाली आणि नृत्याचा कृत्रिम ठेका यांचे मिश्रण असलेले ‘टर्बो-फोक’ दूरचित्रवाणीवर सतत वाजत होते. युद्ध, दारिद्र्य आणि गुंडगिरी यांवर झगमगाटाचा पडदा टाकणारे हे संगीत सत्तेला सोयीचे होते. रॉक आणि जॅझ ऐकणाऱ्यांच्या जागा आक्रसत गेल्या. नोव्ही सादचाच गायक-कवी जॉर्जे बालाशेविच याने मात्र युद्धाला उघड विरोध केला. २०२१ मध्ये तो निवर्तला तेव्हा केवळ नोव्ही सादमध्ये नव्हे, तर झाग्रेब आणि सारायेव्हो या एके काळच्या शत्रूशहरांतही लोक रात्री मेणबत्त्या घेऊन जमले आणि त्याची गाणी म्हणाले. तहनाम्यांना जे साधले नाही ते त्या रात्रीपुरते गाण्याने साधले.

१९९९च्या वसंतात नाटोच्या बॉम्बवर्षावात शहराचे डॅन्यूबवरील तिन्ही पूल एप्रिल महिन्यात एकामागून एक कोसळले. पुढच्याच वर्षी, २०००च्या उन्हाळ्यात, त्याच नदीच्या काठी विद्यापीठाजवळ विद्यार्थ्यांनी सुमारे शंभर दिवसांचा उत्सव मांडला. गाणी, नाटके, चित्रपट, चर्चा असे त्याचे स्वरूप होते. ‘एक्झिट’ हे नाव देताना दहा वर्षांच्या वेडातून बाहेर पडण्याची वाट, हा अर्थ अभिप्रेत होता. २४ सप्टेंबरच्या मतदानाला तरुणांनी जावे, हे त्याचे उघड उद्दिष्ट. मतदानाच्या तोंडावर उत्सव संपला. ५ ऑक्टोबर रोजी स्लोबोदान मिलोशेविच यांची सत्ता गेली. केवळ संगीताने सत्तांतर झाले असे कोणी म्हणणार नाही. परंतु घरी बसलेल्या पिढीला नदीकाठी एकत्र आणण्याचे काम त्या शंभर रात्रींनी केले, हे नाकारता येत नाही.

२००१ पासून उत्सव किल्ल्यावर गेला. खंदकांत आणि तटांवर व्यासपीठे उभी राहिली. सर्वांत मोठा नृत्यमंच खंदकातच होता आणि तेथे सूर्य वर येईपर्यंत नाच चाले. २००७ मध्ये ब्रिटनमधील पुरस्कारांत तो युरोपातील सर्वोत्तम उत्सव ठरला. या यशातला एक विरोधाभास नोंदवण्याजोगा आहे. १९ डिसेंबर २००९ पर्यंत सर्बियाच्या नागरिकांना युरोपीय संघातील बहुतेक देशांत व्हिसाविना जाता येत नव्हते. म्हणजे ‘बाहेर पडण्याची वाट’ या नावाच्या उत्सवाला पाश्चात्त्य तरुण सहज येत होते आणि यजमान विद्यार्थ्याला परतीची भेट देण्यासाठी वकिलातीसमोर रांग लावावी लागत होती. दाराला एकाच बाजूने कडी होती.

पुढे उत्सव मोठा झाला, त्याला प्रायोजक मिळाले, सरकारी अनुदान मिळाले. २०१९ मध्ये नोव्ही साद युरोपीय युवा राजधानी झाले आणि २०२२ मध्ये युरोपीय सांस्कृतिक राजधानी. बंडाची रात्र शहराची जाहिरात झाली. याबद्दल आयोजकांना दोष देणे सोपे आहे; परंतु लोकाश्रयाने सुरू झालेला उत्सव राजाश्रयाने वाढला की काय घडते, हे आपल्याकडील उत्सवांच्या इतिहासावरूनही आपण जाणतो. प्रश्न इतकाच उरतो, की कसोटीच्या क्षणी अशा उत्सवाला आपले मूळ आठवते काय?

तो क्षण १ नोव्हेंबर २०२४ रोजी आला. सकाळी ११ वाजून ५२ मिनिटांनी नोव्ही सादच्या नुकतेच नूतनीकरण झालेल्या रेल्वे स्थानकाचे काँक्रीटचे छत कोसळले. त्या दिवशी १४ माणसे गेली, पुढे आणखी दोघे, एकूण १६. भ्रष्टाचाराने माणसे मारली, असा विद्यार्थ्यांचा आरोप होता. छत नूतनीकरणाच्या कामात नव्हते, असे सरकार म्हणत होते. विद्यार्थ्यांनी कामाची कागदपत्रे मागितली आणि देशभरातील विद्यापीठे रोखून धरली. त्यांच्या आंदोलनाची खूण होती मौन : बरोबर ११ वाजून ५२ मिनिटांनी चौकात, रस्त्यावर, प्रत्येक मृतासाठी एक मिनिट स्तब्ध उभे राहायचे. ज्या शहराची कीर्ती आवाजाची, त्याने आपला निषेध निःशब्दतेतून मांडला. दुर्घटनेला तीन महिने पूर्ण झाले तेव्हा, १ फेब्रुवारी २०२५ रोजी, शहरातील तीन पूल अडवण्यात आले. बेलग्रेडहून विद्यार्थी पायी चालत आले होते. योगायोग असा, की तो १७४८च्या सनदेचा वर्धापनदिन होता. स्वातंत्र्याच्या पुलावर विद्यार्थ्यांनी रात्र काढली. तिला तिकीट नव्हते.

‘एक्झिट’च्या आयोजकांनी विद्यार्थ्यांना उघड पाठिंबा दिला. त्यानंतर सरकारी निधी काढून घेण्यात आला आणि दबावामुळे काही प्रायोजकही मागे हटले, असे त्यांचे म्हणणे. १० ते १३ जुलै २०२५ या चार रात्री सर्बियातील अखेरच्या, असे त्यांनी जूनमध्ये जाहीर केले. विद्यार्थ्यांच्या चळवळीतून जन्मलेला उत्सव पंचवीस वर्षांनी विद्यार्थ्यांच्याच चळवळीपायी घर सोडून गेला. सत्तेला त्याचे नाचणे चालत होते, त्याची स्मरणशक्ती चालली नाही.

यातून काय हाती लागते? रात्रीचे संगीत हे मूलतः बंडखोर असते, असा भाबडा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. टर्बो-फोकही रात्रीच वाजत होते. शहराची रात्र कोणाच्या बाजूची ठरणार, हे वाद्यांवरून कळत नाही; तिथे जमलेल्यांना दिवसा काय घडले ते बोलण्याची मुभा आहे की नाही, यावरून कळते. नोव्ही सादची रात्र परवडणारी होती. कारण तिची किंमत १९४२ मध्ये, १९९४ मध्ये, १९९९ मध्ये आणि २०२४ मध्ये तिथल्या माणसांनी चुकती केलेली होती. पाहुण्यांनी ती रात्र अवश्य उपभोगावी. मात्र निघताना देयकावरचा आकडा म्हणजेच पूर्ण किंमत, असे समजू नये.