नक्कल, अपपाठ आणि टीव्ही गेम

जुन्या व्हिडिओ गेमांचा संग्रह हा विषय मराठीच्या अभ्यासकाने कशासाठी हाती घ्यावा, असे काही वाचकांना वाटेल. पण संहिता, तिच्या प्रती आणि त्या प्रतींचे जतन हा आपल्या विद्याशाखेचा जुनाच व्यवसाय आहे.

निन्टेन्डो कंपनीने 'फॅमिकॉम' हे यंत्र जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी विक्रीस आणले. १९९०च्या दशकात सोलापूरसारख्या शहरात पोहोचल्या त्या बहुतांशी त्याच्या नकला. कार्ट्रिजला सर्रास 'कॅसेट' म्हणत, तिच्यात फीत नसली तरी. 'सुपर मारिओ ब्रदर्स' (१९८५) आणि 'काँट्रा' (फॅमिकॉमवर १९८८) या कृती एका पिढीने अशाच प्रतींतून वाचल्या; 'वाचल्या' हा शब्द जाणीवपूर्वक योजला आहे. मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी बोलणारी मुले एकाच टीव्हीसमोर बसत आणि पडद्यावरची भाषा त्यांच्यापैकी कोणाचीच नसे.

या प्रती अपपाठांनी भरलेल्या होत्या. अनेकींच्या शीर्षकपटावरून मूळ कंपनीचे नाव आणि साल पुसलेले असे. '९९९९ इन १' असे लेबल असलेल्या कॅसेटमध्ये खेळ मोजकेच. तोच खेळ निराळ्या क्रमांकाखाली, निराळ्या टप्प्यापासून सुरू होई. 'काँट्रा'च्या काही प्रतींत तीनऐवजी तीस जीव मिळत. मूळ कृतीचा सारा ताण त्या तीन जिवांवर उभा आहे, हे लक्षात घेतले तर हा बदल किरकोळ म्हणता येत नाही. तीस जिवांचा 'काँट्रा' ही वेगळीच कृती आहे.

एकनाथांनी शके १५०६मध्ये (इ. स. १५८४) ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, कारण त्यांना मूळ पाठ हवा होता. जगभरचे खेळसंग्राहकही याच वृत्तीचे: मूळ खोके, मूळ पुस्तिका, शक्यतो न फोडलेले वेष्टन. नकली कॅसेट त्यांच्या लेखी कचरा. आमच्या मते येथे त्यांची गल्लत होते. मूळ 'काँट्रा' जपान-अमेरिकेत जपला जाईलच. पण सोलापुरात जो खेळला गेला, त्याचा पुरावा त्या नकली कॅसेटशिवाय दुसरा नाही.

आणि तो पुरावा नाजूक आहे. स्वस्त कॅसेटमधील चिप काळ्या राळेच्या गोळ्याखाली बंद असते. ती निकामी झाली की दुरुस्ती जवळपास अशक्य. 'डक हंट'ची (१९८४) बंदूक पडद्यावर क्षणभर उमटणारा प्रकाश टिपते, म्हणून ती पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवरच चालते. कॅसेट जपली आणि जुना टीव्ही भंगारात दिला, तर उरते ती न उलगडणारी पोथी.

संगणकावरील खेळांची गत फारशी निराळी नाही. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरत संगणक वर्गांमध्ये पसरलेला जॉन रोमेरोचा 'डेंजरस डेव्ह' प्रथम १९८८मध्ये एका डिस्क-मासिकातून प्रसिद्ध झाला होता. नियतकालिकांच्या इतिहासावर प्रबंध लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी या प्रकाराची दखल घेतली आहे? अमेरिकेत प्रकाशित झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात मिळत नाहीत, असे व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३च्या पाहणीत आढळले. ही मोजणी अधिकृत प्रकाशनांची. नकलांची मोजणी करणार कोण?

राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८मध्ये काढला, तेव्हा दप्तरे अनेक घरांतून कुजत होती. आज एखाद्या विद्यार्थ्याला जुन्या बाजारात अशी कॅसेट मिळाली, तर त्याने लेबलाचे छायाचित्र घ्यावे, मेनूतील नावे चुकीच्या स्पेलिंगसह जशीच्या तशी उतरवावीत, कोणता खेळ कोणत्या टप्प्यापासून सुरू होतो ते नोंदवावे आणि विक्रेत्याला ती कोठून आली हे विचारावे. स्पेलिंग मात्र सुधारू नये.