परतूरची परिषद : बोलण्याची परवानगी मागणाऱ्यांचा इतिहास

हैदराबाद मुक्तिसंग्रामाविषयी लिहिताना आपण बहुधा शेवटापासून सुरुवात करतो. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. मग मागे वळून रझाकार, सरहद्दीवरचे कॅम्प, हुतात्मे असा क्रम आपण लावत जातो. जालन्यात टाऊन हॉलच्या आवारातील हुतात्मा जनार्दन मामा नागापूरकर स्मृतिस्तंभापाशी दर १७ सप्टेंबरला ध्वजवंदन होते, तेही याच शेवटाचे स्मरण. त्यात गैर काही नाही. पण या लढ्याची पहिली वर्षे बंदुकीची नव्हती, अर्जांची होती. चार माणसे एकत्र जमवून त्यांच्याशी बोलण्याची मुभा मिळावी, एवढ्यासाठी केलेल्या खटपटीची ती वर्षे आहेत. आज जालना जिल्ह्यात असलेले परतूर हे गाव त्या खटपटीच्या अगदी आरंभी उभे आहे.

आधी नकाशा नजरेसमोर आणायला हवा. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्यापूर्वी जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद औरंगाबादकडे होते आणि परतूर परभणीकडे. निजामी राजवटीत या साऱ्या टापूच्या पूर्वेला वऱ्हाडचा बुलढाणा जिल्हा लागे. वऱ्हाड नावाला निजामाचे. १९३६ च्या करारात ब्रिटिशांनी ते पुन्हा मान्य केले आणि निजामाच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताबही मिळाला. कारभार मात्र मध्यप्रांताचा. त्यामुळे १९३५ च्या कायद्याखालच्या निवडणुका १९३७ च्या आरंभी झाल्या, तेव्हा देऊळगाव राजाच्या मतदाराने कायदेमंडळासाठी मत दिले आणि जुलैमध्ये डॉ. ना. भा. खरे यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ नागपुरात कारभार पाहू लागले. मताधिकार मर्यादित होता हे खरे. पण देऊळगाव राजाहून बैलगाडीने दिवसभरात गाठता येणाऱ्या जालन्यात तेवढाही नव्हता. तिथल्या व्यापाऱ्याला मत सोडाच, सभासुद्धा परवानगीवाचून भरवता येत नव्हती.

ही अडचण 'गश्ती निशाण ५३' या नावाने ओळखली जाते. गश्ती म्हणजे सरकारी परिपत्रक. १९२९ मधल्या या परिपत्रकाने जाहीर सभेसाठी पूर्वपरवानगी सक्तीची केली. अर्ज करायचा, हेतू सांगायचा आणि हुकुमाची वाट पाहायची. अर्ज फेटाळायचीही गरज नसे. उत्तर सभेची तारीख उलटून गेल्यावर आले तरी काम भागे. त्यात दरबार, तहसील, कचेरी यांची भाषा उर्दू. मराठी शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे, आणि वाचता येणारा माणूसही गावात शोधावाच लागे.

म्हणून संस्थानातल्या प्रश्नांवरची परिषद संस्थानाबाहेर भरवायची, अशी एक विचित्र रीत पडली. हैदराबाद राजकीय परिषदेची अधिवेशने १९२३ मध्ये काकिनाडा, १९२६ मध्ये मुंबई, १९२८ मध्ये पुणे आणि १९३१ मध्ये अकोला येथे झाली. चारही गावे निजामाच्या अमलाबाहेरची. जबाबदार राज्यपद्धतीचे ठराव तिथे मंजूर होत, पुण्या-मुंबईच्या वृत्तपत्रांत छापून येत. आणि ज्यांच्यासाठी ते केले, त्या गेवराई-अंबडच्या माणसापर्यंत त्यातले काहीच पोचत नसे. परदेशी स्थायिक झालेल्या मुलाने गावच्या भांडणावर पत्र लिहावे, तसा तो प्रकार होता.

ही कोंडी फोडायची तर सभा आत व्हायला हवी होती. १ जून १९३७ रोजी परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, ते या दृष्टीने महत्त्वाचे. अध्यक्ष होते परभणीचे गोविंदराव नानल. तेलुगू भाषकांची आंध्र परिषद त्याआधी सात वर्षे, १९३० मध्ये, जोगीपेठला सुरवरम प्रतापरेड्डींच्या अध्यक्षतेखाली भरली होती. तिचा धडा मराठी कार्यकर्त्यांपुढे होता. भाषेच्या नावाने परिषद घ्यायची, शिक्षण, शेती, समाजसुधारणा असे विषय पुढे करायचे, सरकारच्या डोळ्यावर येणार नाही इतपतच राजकारण बोलायचे. पुढच्या काळातल्या जहाल कार्यकर्त्यांना ही भाषा मिळमिळीत वाटली. मला मात्र यात मोठे शहाणपण दिसते. ज्या माणसाने आयुष्यात जाहीर सभा पाहिलेली नाही, त्याला पहिल्याच दिवशी राज्यघटना सांगून काय उपयोग? त्याने आधी मांडवात येऊन बसायला हवे, अध्यक्ष निवडला कसा जातो ते पाहायला हवे, ठरावाला हात वर करायला हवा. हात वर करणे हेच त्या टापूतले पहिले मतदान होते.

परतूरच का, याचे एक साधे उत्तर रेल्वे असावे. मनमाडहून हैदराबादला जाणारी निजामाची गोदावरी खोऱ्याची रेल्वे १९०० साली सुरू झाली होती. औरंगाबाद, जालना, परतूर, सेलू, परभणी ही गावे याच मार्गावर ओळीने लागतात. जालन्याची बाजारपेठ याच रेल्वेवर फुगली. पुढे चळवळीची माणसे, पत्रके आणि निरोप गेले तेही याच मार्गाने. निजामाने कापूस आणि फौज हलवण्यासाठी टाकलेल्या रुळांचा हा उपयोग त्याच्या इंजिनियरांच्या हिशेबात नसणार.

परिषद वर्षातून दोन दिवसांची. उरलेले तीनशे त्रेसष्ट दिवस लोकांशी बोलायचे कोणी? इथे शाळामास्तर पुढे येतो. औरंगाबादचे सरस्वती भुवन १९१५ चे, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ ची; पुढे अंबाजोगाईची योगेश्वरी, सेलूचे नूतन विद्यालय. खाजगी शाळा काढणेही सरकारच्या मर्जीवर असल्यामुळे यातली प्रत्येक शाळा म्हणजे एक मिळवलेली परवानगी होती. स्वामी रामानंद तीर्थ हे हिप्परग्याचे आणि अंबाजोगाईचे शिक्षक. १९३८ मध्ये ते परिषदेचे सरचिटणीस झाले, तेव्हा गावोगावचे विद्यार्थी आणि पालक ही तयार यादी त्यांच्या हाती होती. वाचनालये, गणेशोत्सवातले मेळे, कीर्तने, आर्यसमाजाची भजनी मंडळे यांनी उरलेली जागा भरली. कीर्तनकाराला पूर्वरंगात काय सांगायचे आणि उत्तररंगात कुणाकडे बोट दाखवायचे, हे कुणी शिकवावे लागत नव्हते.

वृत्तपत्रांची कथा वेगळी. लक्ष्मणराव फाटकांचे 'निजाम विजय' हैदराबादेतून निघे. आतून काढायचे तर शब्द जपून वापरावे लागत. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये 'मराठवाडा' काढले आणि बंदी आली की नाव बदलून पुण्याहून पुन्हा काढायचे, असा लपंडाव मांडला. पण छापील अक्षराचे कौतुक करताना एक गोष्ट विसरू नये : त्या काळी संस्थानात शंभरात पाच-सहा माणसांच्या पलीकडे अक्षरओळख गेलेली नव्हती. अंक एक यायचा, वाचणारा एक असायचा, ऐकणारे पारभर. वाचणारा वाचतानाच त्याचा अर्थ सांगे, आणि चळवळीचे खरे भाषांतर तिथे होई.

कारण 'जबाबदार राज्यपद्धती' हा शब्द काही शेतकऱ्याच्या तोंडचा नव्हे. कुणी कुणाला जबाबदार? त्याचा उलगडा पारावर असा होई : वेठीला धरून नेणाऱ्या अंमलदाराला विचारणारा कोणी असावा, पटवाऱ्याने दफ्तरात काय लिहिले ते आपल्या भाषेत दिसावे, सारा घेणाऱ्याने हिशेब द्यावा. घटनेच्या तात्त्विक चर्चेला यात जागा नाही, तरी लोकशाहीचा गाभा सगळा आहे.

१९३८ च्या सप्टेंबरमध्ये स्टेट काँग्रेसची रीतसर स्थापना होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. २४ ऑक्टोबरला सत्याग्रहाची पहिली तुकडी निघाली, तिचे नेतृत्व केले ते परतूरचे अध्यक्ष नानल यांनीच. सोळा महिन्यांत परवानगी मागणारा माणूस परवानगीशिवाय उभा राहिला. दोन महिन्यांनी गांधीजींच्या सल्ल्याने सत्याग्रह स्थगित झाला. १९३९ मध्ये सरकारने अय्यंगार समितीच्या शिफारशींवरून सुधारणा जाहीर केल्या : ८५ सभासदांचे कायदेमंडळ, त्यातले ४२ निवडलेले, आणि तेही गावाने वा तालुक्याने नव्हे तर व्यवसायवार. म्हणजे जमीनदारांचे प्रतिनिधी, वकिलांचे प्रतिनिधी, व्यापाऱ्यांचे प्रतिनिधी. परतूरच्या मांडवात शेजारी बसून हात वर केलेल्या माणसांना पुन्हा वेगवेगळ्या खणांत घालण्याची ही युक्ती होती. स्टेट काँग्रेसवरची बंदी उठायला जुलै १९४६ उजाडला.

आता एक अवघड प्रश्न. हे सगळे बोलणे कोणाशी चालले होते? मेळा, कीर्तन, भजन, 'वंदे मातरम्' ही साधने ज्या घरांत पोचली, ती बहुतांशी सवर्ण आणि शेतकरी हिंदूंची. दलित समाजाचा मांडव वेगळा पडला : ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नड तालुक्यातल्या मक्रणपूरला भाऊसाहेब मोरे यांच्या पुढाकाराने परिषद झाली, तिला डॉ. आंबेडकर आले. परतूर आणि मक्रणपूर यांच्यात दीड वर्षाचे अंतर, पण त्या दोन मांडवांतली माणसे एकमेकांच्या मांडवात क्वचितच दिसतात. मुसलमान शेतकरी, विणकर, कारागीर यांनाही वेठ आणि सारा चुकलेला नव्हता; त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणारी माणसे चळवळीजवळ फार थोडी होती. उर्दू ही दरबाराची भाषा म्हणून आपण तिच्याशी लढलो, ती शेजाऱ्याचीही भाषा आहे हे लक्षात ठेवणे जमले नाही. 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांनी हे काम उर्दूतून केले, संस्थान भारतात विलीन व्हावे असे उघड लिहिले, आणि ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला. त्यांच्यासारखे आणखी दहा संपादक असते तर काय झाले असते, हा निरर्थक प्रश्न नाही. पोलीस कारवाईनंतर उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत मुसलमानांवर जे गुदरले, त्याची नोंद सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने केली आहे. ज्यांच्याशी दहा वर्षांत बोलणेच झाले नव्हते, त्यांना परके ठरवायला त्या दिवसांत वेळ लागला नाही.

१९४७ पासून बोलण्याची साधने बदलली. ७ ऑगस्टचा 'भारतीय संघराज्यात सामील व्हा' दिन, १५ ऑगस्टला बंदी मोडून फडकवलेले झेंडे, मग शिंदीची झाडे तोडणे, करोडगिरीच्या नाक्यांवर हल्ले, लेव्हीला विरोध आणि पटवाऱ्याच्या दफ्तराची होळी. सरकारच्या हाती दख्खन रेडिओ होता. इकडे जळणाऱ्या दफ्तराचा अर्थ अक्षरशत्रू माणसालाही सांगावा लागत नव्हता. दफ्तर जाळणे योग्य होते का, यावर वाद घालता येईल. त्यात गरिबांच्या हक्काचे कागदही जळाले असतील. पण उर्दू कागदापुढे दोन पिढ्या मान खाली घालून उभ्या राहिलेल्या माणसाला त्या जाळात काय दिसले, हे समजणे कठीण नाही.

लष्करी कारवाईच्या तिसऱ्या दिवशी जालन्याचा ताबा घेण्यासाठी गुरख्यांची एक तुकडी ठेवून फौज लातूरकडे वळली. पुढे तीन-साडेतीन वर्षांनी, १९५१-५२ च्या हिवाळ्यात, हैदराबाद राज्याच्या १७५ जागांच्या विधानसभेसाठी मतदान झाले. या वेळी मताला सारा, शिक्षण, व्यवसाय कशाचीच अट नव्हती, आणि परवानगीचा अर्जही नव्हता. परतूर, अंबड, भोकरदनच्या मतदाराला कोरी मतपत्रिका मिळाली. खोलीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवलेली होती आणि तिच्यावर त्याचे चिन्ह डकवलेले होते. बाईने, माणसाने आत जायचे, चित्र ओळखायचे आणि कागद त्या पेटीत टाकून बाहेर यायचे. वाचून दाखवायला कोणी लागत नव्हते.