प्रवराकाठचे खलपुरुष

नगरहून मनमाडकडे जाणारा रस्ता ज्या ठिकाणी प्रवरा नदी ओलांडतो, त्या कोल्हार गावी भगवतीचे देवस्थान आहे. आणि दुष्टांचे निर्दालन करणारी देवता ज्या गावाची अधिष्ठात्री, त्या गावच्या मनातील खलपुरुषाची कल्पना महिषासुरापासून सुरू व्हावी, हे स्वाभाविकच होय. आमच्या आरत्यांतून आणि कीर्तनांतून जो महिषासुर आपल्याला भेटतो, त्याला घरदार नाही, विवंचना नाही, पश्चात्तापाचा क्षण नाही. तो मारला जाण्यासाठीच जन्मास आला आहे. सह्याद्रीच्या कुशीतील आदिवासी गावांत बोहाड्याच्या रात्री देवीचे आणि महिषासुराचे सोंग समोरासमोर नाचते, तेव्हा पाहणाऱ्यांपैकी कोणालाही निवाड्याची तसदी घ्यावी लागत नाही. अशा निखळ दुष्टाची समाजाला गरज असते, हे मी मनापासून मानतो. जे दुःख कोणत्याही न्यायासनापुढे मांडता येत नाही, त्याला निदान एक मुखवटा तरी मिळतो.

परंतु याच खोऱ्यात तितकाच जुना असा दुसरा खलपुरुष आहे, आणि त्याच्याकडे आमचे लक्ष त्या मानाने कमी गेले आहे. प्रवरेला अमृतवाहिनी म्हणण्याचा प्रघात आहे. तिच्या प्रवाहाबरोबर खाली गेले म्हणजे नेवासे लागते. मोहिनीरूप विष्णूने अमृताचे वाटप तेथेच केले, देवांच्या पंगतीत वेष पालटून बसलेल्या राहूचा शिरच्छेद तेथेच झाला, शिर राहुरीस जाऊन पडले आणि धड गोदेकाठी कायगावास, अशी या भागातील आख्यायिका आहे. मोहिनीराजाचे सुंदर मंदिर नेवाशात आजही उभे आहे. आता या कथेचा शांत चित्ताने विचार करावा. मंथनाचे श्रम देवांनी आणि असुरांनी सारखेच केले. वासुकीच्या मुखाकडची बाजू असुरांकडे होती, म्हणजे त्याचे विषारी फूत्कार त्यांनीच सोसले. आणि पात्रे मांडण्याची वेळ आली तेव्हा मात्र त्यांचा हिस्सा बुडाला. राहूने कपट केले खरे, पण ज्या वस्तूसाठी त्याने घाम गाळला तीच त्याला हवी होती. म्हणूनच की काय, त्याला आमच्या पूर्वजांनी नवग्रहांत स्थान दिले आणि ग्रहशांतीत त्याची पूजाही होऊ लागली. ज्याच्या हेतूत आपलाच हेतू दिसतो असा खलपुरुष आधुनिक वाङ्मयाने पश्चिमेकडून उसना आणला, हे मत म्हणूनच मला मान्य होत नाही. तो येथे पहिल्यापासून आहे, आणि जेथे वाटपाचा प्रश्न उपस्थित होतो तेथे तो प्रकट होतो.

पुढे अमृताची जागा धान्याने घेतली. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुप्याच्या बाजारात सावकारांविरुद्ध दंगा झाला आणि पाहता पाहता तो नगर जिल्ह्याच्या दक्षिण भागात, पारनेर, श्रीगोंदे, कर्जत या तालुक्यांपर्यंत पसरला. या दंग्याचे वैशिष्ट्य असे, की जमावाला सावकाराचा जीव नको होता, त्याचे दप्तर हवे होते. गहाणखते, कर्जरोखे, हुकूमनामे चावडीपुढे जाळले जात, आणि जेथे सावकाराने कागद मुकाट्याने स्वाधीन केले तेथे बहुधा त्याला इजा झाली नाही. निरक्षर म्हणून हिणवल्या गेलेल्या कुणब्याची ही विवेकशक्ती थक्क करणारी आहे. अमेरिकेतील यादवीमुळे कापसाला आलेला भाव 1865 नंतर कोसळला होता; पुण्याकडे फेरजमाबंदीने सारा वाढला होता; आणि 1859 च्या मुदतीच्या कायद्याने कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातल्यामुळे, कुळाच्या रक्षणासाठी म्हणून केलेल्या त्या तरतुदीचा परिणाम नेमका उलटा होऊन, दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेण्याचा शिरस्ता पडला. सावकार निर्दोष होता असे मी मुळीच म्हणत नाही. खळ्यावरून पोराबाळांच्या तोंडचे धान्य उचलून नेणारा हात त्याचाच होता. मात्र त्या हातामागे मुनसफाची कचेरी होती, जप्तीचा बेलीफ होता, साऱ्याचा हप्ता होता. सरकारने 1879 साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला, तो बऱ्याच अंशी याचीच कबुली होय.

रंगभूमीने मात्र अद्याप राक्षसाचा आश्रय सोडला नव्हता. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ 1907 साली आले तेव्हा प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झनला ओळखले, आणि 1910 साली सरकारनेही ओळखून नाटकावर बंदी घातली. परक्या सत्तेसाठी निखळ दुष्ट पुरे पडतो. आपल्याच पेठेतील माणसासाठी तो अपुरा पडतो. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरून बाबूराव पेंटर यांनी 1925 साली ‘सावकारी पाश’ काढला, त्यात शेतकऱ्याचे दैन्य पडद्यावर प्रथमच इतक्या सच्चेपणाने आले; आणि याच आपट्यांच्या कादंबरीवरून 1937 साली निघालेल्या ‘कुंकू’त तरुण मुलीशी लग्न करणारा वृद्ध काकासाहेब आपल्या अपराधाला स्वतःच ओळखतो.

दरम्यान खोऱ्याचे रूप पालटले. भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पूर्ण झाले, ओझरच्या बंधाऱ्यापासून दोन्ही काठांना कालवे निघाले, आणि 1950 साली कोल्हारच्या शेजारी लोणीस विठ्ठलराव विखे पाटील यांनी, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने, शेतकऱ्यांच्या मालकीचा सहकारी साखर कारखाना उभारला. सावकाराच्या पाशातून सुटण्याचा तो खराखुरा, कष्टाने मिळवलेला मार्ग होता. परंतु सहकार जसजसा महाराष्ट्रभर विस्तारला, तसतसे पाटाची पाळी, सोसायटीचे कर्ज, ऊसतोडीची चिठ्ठी असे नवे वाटप निर्माण झाले, आणि प्रत्येक वाटपाच्या ठायी एक वाटणारा बसला. विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेल्या ‘सामना’तील हिंदुराव धोंडे पाटील हा तो पुरुष होय. चित्रपटातील गाव काल्पनिक आहे आणि कोणत्याही एका कारखान्याची ती हकीकत नव्हे. तरीही 1975 साली बर्लिनच्या महोत्सवापर्यंत पोहोचलेल्या या चित्रपटात प्रत्येक ऊसपट्ट्याला आपला चेहरा सापडला. हिंदुराव गावाचे भले करतो आणि तसे करीत असल्याचा त्याचा विश्वासही खरा आहे. दारूच्या आहारी गेलेल्या मास्तराला तो आसरा देतो, त्याच्या सहवासात रमतो, आणि बेपत्ता मारुती कांबळेविषयी मास्तर पुन्हा पुन्हा विचारू लागतो तेव्हा त्याच्या स्वास्थ्याला तडा जातो. निळू फुल्यांनी ही भूमिका अशी वठवली, की त्या माणसाचा धाक वाटतो आणि त्याच्या ओसरीवर बसावेसेही वाटते.

सेवादलाच्या कलापथकात घडलेल्या या सात्त्विक नटाला पुढे असंख्य चित्रपटांनी पाटील केले. पण त्यांतील बहुतेकांनी कारखाना, कर्ज आणि पाणी गाळून केवळ परस्त्रीवर नजर ठेवणारा पाटील शिल्लक ठेवला. माझ्या मते ही पिछेहाट होती. महिषासुराला पटका बांधल्याने तो पाटील होत नाही.

आता वाटप आणखी पुढे सरकले आहे. 2005 च्या जलसंपत्ती नियमन कायद्याने समन्यायी पाणीवाटपाचे तत्त्व आणले, आणि तुटीच्या वर्षी भंडारदरा, निळवंडे, मुळा या धरणांतून पैठणच्या जायकवाडी धरणासाठी पाणी सोडण्याचा प्रश्न उभा राहतो. पैठणच्या खालच्या अंगाला, कोरड्या कालव्याच्या कडेला बसून कोणी लेखक उद्या कादंबरी लिहील, तर तिच्यातील खलपुरुष प्रवराकाठचा ऊसवाला बागायतदार असेल. सोसायटीचे हप्ते भरणारा, मुलीचे लग्न ठरवणारा, पाण्यासाठी सात नंबरचा अर्ज देऊन पाटकऱ्याची वाट पाहणारा. त्या लेखकाने कोल्हारला येऊन चार आवर्तने येथे काढावीत आणि मग लिहावे.