तंबाखूची पेटी आणि सीमाभागाची हवा

पिकाचा इतिहास बहुधा पेरणाऱ्यांचा आणि विकणाऱ्यांचा म्हणून लिहिला जातो. ते पीक सांभाळून ठेवणाऱ्यांची दखल क्वचितच घेतली जाते. तंबाखूच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. हे पान हवेतील ओल शोषून घेते आणि हवा कोरडी झाली की ती परत देऊन टाकते. ओल फार झाली तर त्यास बुरशी येते, कमी पडली तर हाताच्या स्पर्शाने त्याचा भुगा होतो. म्हणून ज्याच्या हाती तंबाखू आली त्यास हवेशी करार करावाच लागला. त्या कराराचा इतिहास आमच्या सीमाभागाच्या इतिहासाशी कसा गुंतलेला आहे, हे वाचकांपुढे मांडण्याचा येथे विचार आहे.

तंबाखू हा शब्दच पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला. दख्खनेत हे पान इतके लवकर रुजले की, १६०४-०५ च्या सुमारास अकबराचा वकील असदबेग विजापूरहून आग्र्यास परतला तेव्हा बादशहास नजर करण्याच्या अपूर्व वस्तूंत त्याने तंबाखू व तिची नळी नेली. दरबारच्या हकिमाने हरकत घेतली, तरी उमरावांस तिची गोडी लागली. आणि १६१७ मध्ये जहांगिराने केलेली मनाईही फळास आली नाही. गोव्यात तर तंबाखूची विक्री हा सतराव्या शतकात सरकारी मक्ताच झाला. तेथील महसुलाचे मक्ते घेणाऱ्यांत हिंदू व्यापाऱ्यांचा, आणि त्यांतही सारस्वतांचा, मोठा भाग होता, ही गोष्ट आमच्या वाचकांनी विसरू नये. ज्या राजवटीने देवालये पाडली, आणि जिच्या भयाने आपले देव अंत्रूजात न्यावे लागले, तिच्याच तिजोरीचे हिशेब आपले लोक सांभाळीत होते. इतिहास हा असा अडचणीचा साक्षीदार आहे. त्याची उलटतपासणी केली तरी तो आपली जबानी फिरवीत नाही.

त्या काळी ब्राझीलमधील बाहियाची तंबाखू लिस्बनमार्गे गोव्यास येई. पानांचे दोर वळून त्यांस उसाची काकवी लावीत आणि वर कातडे गुंडाळीत. काकवी लावण्यात गोडीपेक्षा ओल धरून ठेवण्याचा हेतू अधिक होता. आपल्याकडे हुक्क्याच्या तंबाखूत गूळ घालतात, त्यातही हेच शास्त्र आहे. तमिळ देशातील ‘सुरुट्टु’ म्हणजे गुंडाळी. तोच इंग्रजांच्या तोंडी बसून परत आलेला आपला चिरूट. गोमंतकातील धुमटी ही त्याचीच गरीब बहीण; दुसऱ्या झाडाच्या पानात तंबाखू वळली की ती तयार, आणि लगेच ओढून संपविली की साठवणीचा प्रश्न उरत नाही. साठवण ही श्रीमंतीबरोबर येणारी काळजी आहे.

आमच्या भागात ही काळजी निपाणीच्या वाट्यास आली. वेदगंगा-दूधगंगेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीत विडीची तंबाखू उत्तम येते. ती उन्हात वाळवितात, आणि मग वखारीत बायका ती कुटून, चाळून, निवडून तिची प्रतवारी लावतात. तो खकाणा नाकातोंडात घेऊन ज्यांनी आयुष्य काढले, त्यांची नावे व्यापाराच्या कोणत्याही वहीत ठळक अक्षरांनी लिहिलेली नाहीत.

येथे कायद्याचा धागा येतो. १९४३ मध्ये तंबाखूवर उत्पादन शुल्क बसले आणि १९४४ च्या केंद्रीय उत्पादन शुल्क व मीठ कायद्याने तंबाखू आणि मीठ एका छताखाली आणले. कच्च्या तंबाखूवरील शुल्क वजनावर होते, आणि वजन हवेवर! श्रावणात भरलेले पोते चैत्रात हलके भरणारच. मग घटलेला माल सुकला की चोरीस गेला, हा वाद उभा राही. १९७९ च्या अंदाजपत्रकात चरणसिंगांनी कच्च्या तंबाखूवरील शुल्क उठविले. तथापि शेतकरी आणि खरीददार यांच्यातील ओलीचा वाद तेवढ्याने मिटला नाही. ओल्या मालाचे वजन व्यापाऱ्यास खुपते, सुक्या मालाचा भुगा शेतकऱ्यास बुडवितो, आणि निवाडा देणारी बोटे नेहमी विकत घेणाऱ्याची असतात. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीच्या शेतकऱ्यांनी रास्त भावासाठी पुणे-बंगलोर महामार्ग अडविला, आणि ६ एप्रिलच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी पडले. तो लढा भावाचा होता. पण आपल्या मालाची परीक्षा नेहमी दुसऱ्यानेच का करावी, हा सवाल त्याच्या मुळाशी होता, असे आम्हांस वाटते.

हे सारे आठवण्यास निमित्त घडले ते जांबोटीचे. बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यास जाणाऱ्या वाटेवरील हे गाव सह्याद्रीच्या पावसाचे माहेरघर आहे. तेथे आमच्या एका स्नेह्यांनी गोव्याहून आणलेले, द्राक्षमद्य थंड ठेवण्याचे विजेचे कपाट चिरुटांच्या पेटीत रूपांतरित केले. आम्ही स्वतः धूम्रपान करीत नाही, आणि कोणी करावे असेही आमचे मत नाही. परंतु त्या कारागिरीत निपाणीच्या वखारीचे सारे शास्त्र लहान आकारात दिसले.

चिरुटास सुमारे ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता आणि १८ ते २१ अंश सेल्सिअस उष्णता मानवते. ऊन वाढले की पानातील भुंगेऱ्याची अंडी फुटून किडे माल पोखरतात. मद्याच्या कपाटात १२-१४ अंशांचा गारवा राखतात; तो येथे नको, म्हणून त्याची कळ १८ अंशांवर ठेवावी लागते. ते कपाट ज्या तत्त्वावर चालते ते १८३४ मध्ये पेल्तिए या फ्रेंच गृहस्थाने शोधिले: दोन भिन्न धातूंच्या सांध्यातून वीज वाहिली की एक बाजू गार होते व दुसरी तापते. पण गार बाजूवर दव जमते, आणि आतील हवा कोरडी पडते. कपाटाचे अस्तर पडले प्लास्टिकचे. ते ओल घेत नाही आणि देतही नाही. म्हणून आत लाकडाच्या फळ्या व खण बसवावे लागतात.

यासाठी जगभर ज्या लाकडास ‘स्पॅनिश सीडर’ म्हणतात, ते ना स्पेनचे ना देवदार. ते वेस्ट इंडीज व मध्य अमेरिकेतील, आपल्या कडुनिंबाच्या कुळातील झाड. त्याचाच जवळचा भाऊबंद तूण वृक्ष सह्याद्रीत वाढतो, आणि त्याच्या लाकडाच्या चिरूट-पेट्या पूर्वीपासून होत आल्या आहेत. स्नेह्यांनी तेच लाकूड वापरले. फळ्या बसताच चिरूट आत ठेवण्याची त्यांची घाई पाहून मेस्त्री म्हणाले, “थांबा साहेब. लाकडाला आधी पाणी पाजवा, न्हाईतर ते तुमच्या विड्यांचं पाणी खातंय.” पुढे काही दिवस ओल्या फडक्याने फळ्या पुसून लाकूड तृप्त केले गेले. आर्द्रतामापकाची परीक्षाही घरच्या मिठानेच झाली. झाकणभर मीठ पाण्याने ओलसर करून मापकासह बंद डब्यात ठेविले, की काही तासांनी आतली हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते. काटा जेवढा चुकेल तेवढी त्याची खोट. जे मीठ कायद्यात तंबाखूच्या शेजारी बसले होते, ते येथे तिचे पंच झाले! हा पंच निपाणीच्या शेतकऱ्यास कधी लाभला असता, तर किती भांडणे टळली असती!

जांबोटीची अडचण मात्र उलटी आहे. परदेशातील पुस्तके पेटीत ओल कशी टिकवावी हे शिकवितात. येथे आषाढात बाहेरची हवा नव्वद टक्क्यांच्या पुढे जाते, तेव्हा ओल बाहेर कशी ठेवावी हा प्रश्न असतो. म्हणून कपाटाचे पाणी निघून जाण्याचे भोक पावसाळ्यात बंद करतात, आणि दार वरचेवर उघडीत नाहीत.

आता आमच्या वाचकांस एक विनंती. बेळगाव, निपाणी, खानापूर भागातील जुन्या घरांतून वखारींच्या वह्या, शुल्काच्या पावत्या, मक्त्यांचे कागद अजून असतील. देवस्थानांच्या दप्तरखान्यांतूनही जमाखर्चाची बाडे असतील. वर ज्या बायकांची व शेतकऱ्यांची आठवण काढली, त्यांचा पुरावा दुसरीकडे कोठे मिळणार नाही. चिरुटांसाठी जे कष्ट आनंदाने घेतले जातात, त्यांचा दशांश या कागदांसाठी घ्यावा. मात्र तंबाखूची हवा कागदास चालत नाही, हे ध्यानात ठेवावे: सत्तर टक्के आर्द्रतेत पोथीस बुरशी येते, तिला पन्नासच्या आसपास मानवते. मिठाने तपासलेला एक मापक दप्तराच्या कपाटात ठेवण्यास फारसा खर्च येत नाही. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक देवस्थानाने एवढे केले, तर हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.