खाडी ओलांडण्याआधी
छोट्या विमानाने इंग्लिश खाडी ओलांडून जाण्याचा इतिहास धाडसाचा म्हणून सांगितला जातो. माझ्या मते तो मुख्यतः पूर्वतयारीचा आहे. कोणी म्हणेल, २५ जुलै १९०९ रोजी लुई ब्लेरिओ होकायंत्राशिवायच कॅलेजवळून डोव्हरला पोहोचला. खरे आहे. पण त्याने पहाटेची वेळ साधली, 'एस्कोपेत' ही विनाशिका वाटेत ठेवली, आणि डोव्हरच्या कुरणात उतरायची जागा दाखवायला फ्रान्सचा तिरंगा हलवणारा पत्रकार आधीच उभा होता. इतके करूनही वाऱ्याने त्याला भरकटवलेच. सहाच दिवस आधी हीच खाडी ओलांडताना इंजिन बंद पडून ह्यूबर्ट लॅथम समुद्रात उतरला होता. सोबतच्या जहाजाने त्याला वाचवले.

१६ एप्रिल १९१२ रोजी वैमानिक हॅरिएट क्विम्बी डोव्हरहून उलट दिशेने निघाली. धुक्यात काही दिसेना, तेव्हा होकायंत्रावर भिस्त ठेवून ती कॅलेऐवजी आर्देलोच्या वाळूवर उतरली. मुक्काम चुकला, फ्रान्स चुकला नाही. आज फ्रान्समधल्या ल तुकेला जाणारा हौशी वैमानिकही हवामान पाहतो, उड्डाण-आराखडा आधी कळवतो, लाइफ जॅकेट जमिनीवरच अंगात चढवतो आणि खाडीवर शक्य तितकी उंची राखतो, म्हणजे इंजिन थांबलेच तर तरंगत किनारा गाठायला वाव राहतो.