वाहनाचा सांगाडा

नागपूरहून अमरावतीकडे येणारा हमरस्ता तिवसा तालुक्यात शिरला म्हणजे थोड्याच वेळात गुरुकुंज मोझरी लागते. 1935 साली राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी येथे आश्रम स्थापिला, आणि तेव्हापासून या ठिकाणाचा उल्लेख भक्तीच्या व ग्रामसेवेच्या संदर्भातच होत आला, ते यथायोग्यच आहे. परंतु आश्रमाशेजारून जाणाऱ्या रस्त्यालाही स्वतःचा असा एक इतिहास आहे, आणि तो वाहनांच्या सांगाड्यांचा आहे. हाच रस्ता पुढे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 6 म्हणून ओळखला गेला, अलीकडे त्याचा क्रमांक 53 झाला. 1954 साली जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज मालमोटारी बनू लागल्या, आणि पूर्वेकडून येणाऱ्या या मार्गावर उघड्या चेसिसांचे काफिले दिसू लागले. टप नाही, दार नाही, मागे हौदा नाही. पुढे इंजिन, मागे दोन लांबच लांब पोलादी दांड्या, आणि मध्ये तात्पुरत्या बैठकीवर डोक्याला फडके घट्ट बांधून बसलेला चालक. हे दृश्य ज्याने पाहिले त्याला वाहन म्हणजे मूलतः काय, हे समजावून सांगण्याचे प्रयोजन उरत नाही.

जुन्या शेवरलेट वा फोर्ड पिकअपला नवे जोरकस इंजिन बसवून तिला वेगवान करण्याचा छंद हल्ली आपल्याकडील काही हौशी मंडळींना जडला आहे. त्यांचा पुष्कळसा वेळ रंगात आणि चकाकीत जातो. टपाखाली कोणता सांगाडा घ्यावा हा प्रश्न मात्र मागाहून सुचतो. वऱ्हाडात तो प्रश्न नेहमीच प्रथम विचारला गेला, असे माझे मत आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वऱ्हाडचा कापूस लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई. 1853 साली निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला, 1867 साली लोहमार्ग नागपुरास पोहोचला, आणि 1870 साली खामगावच्या कापूसबाजारासाठी स्वतंत्र फाटा निघाला, तेव्हा पाठीवरचा माल चाकांवर आला आणि गावोगावच्या सुतारांचे भाग्य उजळले. बंडीची, म्हणजे बैलगाडीची, साटी सागाची, चाकाचा तुंबा बाभळीचा, आख धावड्याचा आणि जेथे ओढ व पीळ सोसावयाचा तेथे मेळघाटातला तिवस, अशी लाकडाची निवड ठरून गेलेली असे. दोन लांब दांड्या मागे रुंद व जुवाकडे निमुळत्या होत गेलेल्या, त्यांना जोडणारी आडवी लाकडे, आणि त्याखाली आख, एवढाच तो सांगाडा. परंतु साटी जुळवून झाल्यावर सुतार सुतळी घेऊन एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर मोजी, मग दुसरा कर्ण मोजी, आणि दोन्ही मापे तंतोतंत जुळेपर्यंत पाचर ठोकू देत नसे. कर्ण चुकला की चाके तिरपी धावतात आणि बैलाचा खांदा सोलून निघतो.

सांगाड्याची निवड प्रयोजनानुसार कशी बदलते, हे शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, छकड्यात अधिक स्पष्ट दिसते. तळेगाव दशासरचा शंकरपट अमरावती जिल्ह्यातलाच, आणि त्याचा लौकिक मोठा. कापसाची बंडी, पाहुण्यांची दमणी आणि पटाचा छकडा ही तिन्ही वाहने एकाच सुताराच्या हातची असली तरी छकड्यात जे जे काढून टाकणे शक्य ते काढलेले असते. हाकणाऱ्या धुरकऱ्याला पाय टेकण्यापुरती जागा, आणि बाकी सारा खटाटोप वजन कमी करण्याचा. अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्नियाच्या कोरड्या सरोवरांवर तरुण मंडळी जुन्या फोर्ड गाड्यांचे मडगार्ड व टप उतरवून त्या पळवीत, त्यांची संघटना 1937 साली स्थापन झाली, आणि त्यांच्या त्या प्रकाराला पुढे ‘हॉट रॉड’ हे नाव रूढ झाले. आमच्या पटकऱ्यांना त्यांची वार्ताही नव्हती. पण हलकेपणाचा तो न्याय दोन्हीकडे एकच. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या, 2021 च्या डिसेंबरात महाराष्ट्रास सशर्त परवानगी मिळाली आणि 2023 साली घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला. तेव्हा छकडे पुन्हा बाहेर निघाले.

मोटारीचे आगमन या प्रदेशात सांगाड्याच्याच रूपाने झाले. 1928 साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला. तेथून निघणाऱ्या मालगाड्या पुष्कळदा नुसत्या चेसिस व पुढचा पडदा एवढ्याच असत, आणि त्यांवरचा लाकडी हौदा किंवा सर्विस मोटारीचे टप त्या त्या शहरातील सुतार-लोहार बसवीत. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई पडली तेव्हा याच गाड्यांच्या मागे कोळशाच्या गॅसची भट्टी लटकविण्यात आली, आणि ज्या सांगाड्याच्या दांड्या त्या अवजड भट्टीखाली वाकल्या नाहीत त्यांचीच पुढे किंमत राहिली. इकडे बंडीच्या लोखंडी धावांनी खडीचे रस्ते खोल चाकोऱ्यांनी कापले जात, ही सरकारी अभियंत्यांची जुनी तक्रार होती. 1943 साली देशभरचे मुख्य अभियंते नागपुरास जमून त्यांनी रस्त्यांची जी योजना आखली ती ‘नागपूर योजना’ म्हणूनच प्रसिद्ध आहे. कालांतराने बंडीखालीही रबरी टायर आले, कित्येकदा भंगारातल्या मोटारीच्या आखासकट. म्हणजे वर बापजाद्यांची सागवानी साटी आणि खाली परक्या यंत्राचे अंग, असा संकर वऱ्हाडच्या शेतकऱ्याने कोणाच्याही शिकवणुकीविना करून दाखविला.

तो संकर बंडीला मानवला, कारण बैलाची ओढ सावकाश असते. मोटारीचे तसे नाही. 1947 ते 1955 या काळातील शेवरलेट पिकअप घ्या: तिच्या चेसिसच्या दांड्या एका बाजूने उघड्या, पन्हाळीसारख्या घडीच्या असतात, मूळ सहा सिलिंडरांच्या इंजिनाला त्या पुरतात, पण तिप्पट ताकदीचे इंजिन बसविल्यास त्यांना पीळ पडतो, दारे नीट लागेनाशी होतात, काच तडकते. यावर दोन उपाय आहेत. उघड्या बाजूस पोलादी पट्टी जोडून दांडी पेटीसारखी बंद करावी आणि आडवे जोड भक्कम करावेत, हा एक. जुना टप उचलून आधुनिक गाडीच्या तयार चेसिसवर ठेवावा, हा दुसरा. दुसऱ्यात ब्रेक, स्टिअरिंग व पाटे आयते मिळतात, हे खरे. परंतु चाकांमधले अंतर क्वचितच जुळते, आणि मडगार्डाच्या कमानीत चाक एका बाजूस सरकलेले दिसले की त्या गाडीचा सारा रुबाब गेला.

मी पहिल्या उपायाच्या बाजूचा आहे, आणि त्यास केवळ सौंदर्य हे कारण नाही. 1939 च्या मोटार वाहन कायद्यापासून आजतागायत वाहनाची ओळख दफ्तरी नोंदली जाते ती इंजिनाच्या व चेसिसच्या क्रमांकावरून, टपाच्या आकारावरून नव्हे. त्यातही इंजिन बदलल्याची नोंद रीतसर अर्ज करून होऊ शकते, पण सांगाडाच बदलला तर बदलले काय आणि उरले काय, हा पेच परिवहन कार्यालयात कोणालाही सुटत नाही. 2021 साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम केले, तेव्हाही चेसिस, टप वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट घातली. तेव्हा ज्याला जुन्या गाडीचा मान हवा आहे त्याने वेगाचा हव्यास सोडावा, आणि ज्याला वेग हवा आहे त्याने जुन्या नोंदणीची आशा धरू नये. उरला प्रश्न खरेदीचा: भंगारातल्या पिकअपचा सौदा करण्यापूर्वी हातोडीने प्रत्येक रिव्हेट ठोकून ऐकावा, सुतळीने दोन्ही कर्ण मोजावेत, आणि चेसिसवरचा क्रमांक कानशीने घासलेला आढळला तर किंमत कितीही उतरो, पैशाला हात लावू नये.